घाट बंद, गलेफाला सूट

...आन वर मलाच इच्यारत्यात, "मानसिंगराव, तुमी फौजी मानूस, एवढा घाम का आलाय?" घाम! आवं, निम्मा घाम हाय, निम्मं नदीचं पानी हाय, कुठलं कुठं संपतंय त्ये माझं मलाच कळंना झालंय! बसा, बसा, उठू नगा, च्या सांगितलाय मी सगळ्यांस्नी. तुमच्यात आमच्या गावचं कोन न्हाई न्हवं? न्हाई? ब्येस! मी मुद्दाम परगावची मंडळी हेरूनच बसलोय हितं, गावच्या मानसाजवळ बोलायची गोष्टच न्हाई ही. आन घाटाकडनं त्या हाका येत्यात न्हवं, त्या मलाच हायत, परतीची नाव माझ्यापायी खोळंबलीया. मारू द्या हाका. आलो रं निजाम! आलो! ह्यांस्नी एवढं सांगतो आन आलोच!

तर काय म्हनत हुतो... त्यो पलीकडं लाल झेंडा दिसतोय? पान्यात आडवा दोर, वर बोर्ड: 'मगरीचा वावर. पुढील आदेशापर्यंत नौकानयन, मासेमारी, पोहणे व धुणे बंद.' मुंबैचं बंदर वादळात बंद हुतं म्हनत्यात. हितं वादळ न्हाई, वारा न्हाई, एका नावेचं आमचं बंदर, त्ये सतरा दिवस बंद! निजामची नाव बंद, कोळ्यांच्या होड्या बंद, शर्यतीचा सराव करनारी पोरं बंद, गुळाच्या काहिलीत बसून नदीपलीकडनं वैरन आननारं दोन म्हातारं बंद! पलीकडच्या रानात जायचं तर पुलावरनं एकोनीस किलोमीटरचा वळसा. आन सगळं गाव म्हनतंय, मानसिंगनं मगर बघितली म्हनून घाट बंद झाला. खोटं! साफ खोटं! तुमाला सांगतो, मी मगर म्हनलोच न्हाई. मी नुस्ता हात केला!

मुळात मला त्या दिवशी नदीवर जायचंच न्हवतं. पर घरात मान हाय न्हवं! ह्या पीरसाहेबाच्या उरसाला पैला गलेफ चढतो त्यो आमच्या घराण्याचा. आमच्या खापरपणज्याला पीरसाहेबानं पुरातनं काढला, तवापासनं. गलेफ म्हंजे मजारीवर घालायची चादर, हिरवीगार, जरीचा काठ. त्यो घरच्या कर्त्यानं डोस्क्यावर घ्यायचा, दोन्ही हातांनी धरायचा, नावेत उभं ऱ्हायचं, बसायचं न्हाई, हात सोडायचा न्हाई, तोंड दर्ग्याकडं, आन असं गावाकडनं हिकडं दर्ग्याला यायचं. एकेचाळीस वर्सं आमच्या आबांनी केलं. दिवाळीत आबा गेलं आन मान आला माझ्याकडं. चुकला तर भावकीत जातो. जातो म्हंजे कायमचा जातो! आमच्याकडं तरी कसा आला? तानाजीच्या आज्याला ऐन उरसात हिवताप भरला, एक वरीस चुकलं, आमच्या आज्यानं गलेफ उचलला त्यो आजतागायत खाली ठेवलेला न्हाई. तानाजी म्हंजे माझा भावकीतला भाऊ. न्याहारीच्या आधी दोनदा नदी पवून येतो आन मिशी भिजू देत न्हाई. आबा गेल्यापासनं रोज माझ्या तब्येतीची चौकशी! "दादा, ताप-बीप न्हाई न्हवं?" एवढी काळजी मला बायकू करत न्हाई!

आन आता... जरा जवळ सरका. आजून. मला पवता येत न्हाई.

हसू नगा! बावीस वर्सं फौजेत काढली, त्यातली पंधरा राजस्थानात. लोक म्हनायचे, मानसिंग लय कडक गडी, वाळवंटाची पोस्टिंग मागून घेतो. मागून घेनार न्हाई तर काय करनार? तितं पानी टँकरनं यायचं, टँकरात कोन बुडतंय! पवायच्या परीक्षेला मला ताप यायचा, नाटकी न्हाई, खरा, एकशेदोन. गोळीची भीती न्हाई वाटली कवा, पर बादलीत डोस्कं बुडवायचं म्हनलं की अजून जीव घशात येतो. घरात मंडळीला ठावं न्हाई. तिला वाटतं, ह्येंस्नी तांब्यानंच अंघोळ आवडती. गावाला ठावं न्हाई. तानाजीला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्यो गलेफाला इस्त्री करायला घेईल!

आलो रं! किती बोंबलतोस? माझ्याबिगर नाव सुटती का? न्हाई न्हवं? मंग!

तर उरसाच्या अठरा दिवस आधी निजाम आला. निजाम म्हंजे नाववाला. पैलीपासनं एका बाकावर बसलेला माझा दोस्त, बापानंतर त्यानं घाट संबाळलाय. म्हनला, "मानसिंगा, आबा गेल्यावर पैलंच वरीस तुझं, एक फेरी मारू, उभं ऱ्हायचा सराव हुईल." आता काय सांगू? "चल की!" म्हनलो. मोठ्यानं म्हनलो! फौजेत शिकवलंय, जेवढं भ्याव जास्ती तेवढा आवाज मोठा. घाटाच्या शेवटच्या पायरीवर आलो, नाव अशी डुलतीया, एक पाय पायरीवर, एक पाय हवेत, आन त्यो हवेतला पाय खाली यायलाच तयार न्हाई! माझाच पाय, मी हुकूम देतोय, पाय ऐकंना! मागं धुनं धुनाऱ्या बायका, त्यात मनुबाई, जिच्या कानावर पडलं ती गोष्ट सांजच्या आत तीन गावं फिरून येती. तानाजी अंग पुसत उभा. सगळी बघत्यात, ह्यो पाय का टाकंना. काय तर करायला पायजे हुतं. म्हनून मी असा... असा हात केला पान्याकडं. आन म्हनलो, "त्ये... त्ये काय हाय?"

आन खरंच हुतं की कायतरी! काळं, लांबूळकं, निम्मं वर, निम्मं खाली, डुचमळत चाललेलं. मनुबाईनं किंकाळी फोडली, "आगं आय आय, मगर!" झालं! धुनं टाकून बायका पळाल्या, म्हशी पळाल्या, तानाजी चार पायऱ्या एका उडीत चढला, आन त्या पळापळीत मी एकटा पायरीवर उभा. का? आवं पाय हलंना म्हनून! पर गाव म्हनलं, "बघा फौजी! मगर समोर आन गडी जागचा हलला न्हाई!" सगळी वर गेल्यावर त्ये काळं जवळ आलं, तवा दिसलं. टॅक्टरची ट्यूब हुती. निम्मी हवा गेलेली. बारका व्हॉल्व हुता तिला, अजून दिसतोय मला.

तवाच बोलायला पायजे हुतं. कळतंय मला! पर वर वळून बघतो तर तानाजीच्या तोंडचं पानी पळालेलं, आन माझ्या मनात आलं, मगर असली तर नाव बंद, नाव बंद तर गलेफ जीपनं, पुलावरनं, डांबरी सडकंनं... आहाहा! कोरडी सडक! मी गप ऱ्हायलो. एवढाच माझा गुन्हा. मगर म्हनलोच न्हाई मी, नुस्ता हात केला!

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या राजेश्वरी मॅडम आल्या. बारीक चष्मा, हातात कागद. "काका, नेमकी कुठे दिसली?" मी बोललो न्हाई, हात केला. "लांबी साधारण किती असेल?" आता ट्यूबची लांबी काय सांगू? मी म्हनायला गेलो की "मॅडम, लांबी अशी काय...", आन बोलताना मानसाचं हात हालत्यात का न्हाई? हालत्यात! तानाजीनं लगीच माझ्या दोन हातातलं अंतर बघितलं आन म्हनला, "बारा फूट, मॅडम. दादा कमीच दावतोय." लिवलं बारा फूट! मनुबाई म्हनली, तरीच माझी तलंगी कोंबडी घावंना झाली. लिवलं, कोंबडी! वाळूत एक फराटा उठलेला हुता, त्यो म्हनं शेपटीचा. लिवला फराटा! आवं, त्यो माझ्या बुटाचा हुता, घसरत वर चढलो तवाचा! सांजंला घाट बंद.

दोन दिवस मला जी झोप लागली, आबा गेल्यापासनं तशी लागली न्हवती. तिसऱ्या दिवशी आले दर्ग्याचे मुजावर, म्हनले, "मानसिंगराव, गलेफ पान्यातनंच येतो. सडकंनं आला तर त्यो कापड, गलेफ न्हवं." आन लगीच तानाजी, "मगरीचं भ्या वाटत आसंल तर दादा, मी न्हेतो की! पवत न्हेतो!" सगळ्या पारावर म्हनला! मी काय म्हननार? म्हनलो, "मगरीला मी भितो व्हय रं?" त्ये खरंच हुतं. मगरीला कुठं भीत हुतो, मगर हुतीच कुठं!

मंग गाव गेलं तालुक्याला, अर्ज-विनंत्या, आन परवानगी आली. कागद हाय माझ्या खिशात. 'घाट बंदच राहील. तथापि उरुसाच्या दिवशी दुपारी एक नाव, सहा माणसे, जाऊन-येऊन एकच फेरी.' आन खाली काय लिवलंय? ऐका! 'ज्या इसमाने सदर प्राणी प्रत्यक्ष पाहिला आहे, त्याने नावेच्या अग्रभागी उभे राहून मार्गावर लक्ष ठेवावे.' सदर इसम कोन? मी! गलेफ डोस्क्यावर घेऊन मधी उभा ऱ्हायचा मान हुता, तितं बाकीची चार मानसं कडंला असत्यात, धरायला तरी कोन घावतं. आता एकदम पुढं, नाकावर! खाली दोन्हीकडं पानी, हात वर, धरायला काय न्हाई! मी नुस्ता हात केला हुता हो, सरकारनं आख्खा मानूस घेतला!

आलो! आलो रं! तंबाखू मळतोय!

मंग मी ठरवलं, खरं सांगायचं. पवायचं न्हाई, निदान मगरीचं, तेवढं अग्रभागी तरी टळंल. गेलो निजामच्या घरी. नाव दारात उलटी घातलेली, त्यो तिच्यावर हात फिरवत बसलेला, जसं आजारी बैलावर फिरवावा. लय वंगाळ वाटलं मला. माझ्यापायी त्याचा घाट बंद, आन त्याची बायकू रशीदावैनी मलाच च्या द्यायला लागली, "अण्णा, जपून जावा बरं का उरसाला." मी कप खाली ठिवला. म्हनलो, "निजाम, मगर न्हवती रं. ट्यूब हुती. टॅक्टरची." निजामनं नावंवरचा हात काढला. म्हनला, "मला धीर द्यायला सांगतोस व्हय? राहू दे. मी काल माझ्या डोळ्यानं बघितली. वळनाच्या कपारीला पडली हुती, आऽ करून."

आता मला सांगा! माझ्या ट्यूबला जबडा आला कुठनं? निजाम आयुष्यात खोटं बोलला न्हाई, पोरगं नापास झालं तरी गावाला नापासच सांगतो! म्हंजे हाय? म्हंजे मी हात केला ट्यूबकडं आन खाली खरीच हुती? आवं, कृष्णेत मगरी हायत, म्हैत हाय की सगळ्यांस्नी! त्या रात्रीपासनं झोप गेली. आधी एकट्या पान्याचं भ्या हुतं, आता पान्यात बारा फूट आनखी आलं. ताप यील म्हनून वाट बघितली. रोज सकाळी कपाळ चाचपलं! जनमभर नको तवा आलेला ताप, ह्या वक्ताला आला न्हाई, अंग थंडगार!

आन मंग उजाडला आजचा दिवस. ताशा, हालगी, दोन्ही काठावर मानूस. राजेश्वरी मॅडम कागद घेऊन काठावर. मला नावेत चढवला कसा, म्हैत हाय? गलेफ डोस्क्यावर ठिवला की पायाखालचं दिसत न्हाई, काठ डोळ्यावर येतो! त्या अंधारात निजामनं कोपराला धरलं आन कवा पाय टाकला, कळलंच न्हाई. मंग नाव हलली. तुमाला सांगतो, पायाखालची जिमीन जाती म्हनत्यात त्ये आसं. फळीखाली पानी बोलतंय, गुळूगुळू, गुळूगुळू, आन मला वाटतंय माझं नाव घेऊन बोलतंय. मी डोळं मिटलं. सरकारनं ज्याला बघायला उभा केलाय त्यानं डोळं गच्च मिटलं! मागनं मानसं इच्यारत्यात, "मानसिंगराव, दिसती का?" मी म्हनतोय, "डावीकडं न्हाई!" "आन उजवीकडं?" "उजवीकडं बी न्हाई!" आवाज खणखणीत! आन आतनं आबांस्नी हाका मारतोय, आबा, चुकलं माझं, मान घ्या तुमचा, मला काठावर सोडा.

नाव मधावर आली. आन माझ्या कानाजवळ, अगदी हळू, निजामचा आवाज. वल्हं दुसऱ्याकडं देऊन पुढं आलेला. म्हनला, "मानसिंगा, डोळं मिटलंस न्हवं? मिटूनच ऱ्हा. मी धरलंय तुला कमरंला, मागनं दिसत न्हाई कुनाला." मी आनखी गच्च मिटलं. "पवता येत न्हाई तुला, ठावं हाय मला. दुसरीत असताना शेवाळावरनं घसरून पान्यात गेलास, माझ्या बानं केसाला धरून काढला, तवा मी पायरीवरच हुतो. तू कवा बोलला न्हाईस, मी बी बोललो न्हाई." म्हनलो, "आन मगर?" तर ह्यो म्हनतोय कसा, "कुठली मगर? ट्यूब माझ्याच नावंला घासून गेली की! पर तू ट्यूब म्हनत गावात फिरला असतास, तर तानाजीनं इच्यारलं असतं, मंग दादा पायरीवर का थांबलास? म्हनून म्हनलो, बघितली."

सतरा दिवस, मंडळी! सतरा दिवस त्यानं सवताची नाव उलटी घातली, चूल कशी पेटवली त्याचं त्याला ठावं, कशापायी? माझी लाज ऱ्हावी म्हनून! डोस्क्यावर पीरसाहेबाचा गलेफ, हात वर, डोळं पुसायला हात न्हाई. रडलो. उभ्यानं रडलो! लोकांस्नी वाटलं, भक्ती! काठावरच्या बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. आन खरं सांगतो, तवा पैल्यांदा जरा बरं वाटलं. मगर न्हाई, निजाम हाय, कमरंला हात हाय. म्हनलं, बघू तरी नदी कशी दिसती मधनं. एक डोळा उघडला...

आन धाड्‌दिशी खालनं नावंला कायतरी लागलं!

नाव अशी उचलली, अशी! मी म्हनलो, "निजाम, ह्ये काय?" कमरंवरचा हात गच्च झाला. म्हनलो, "निजाम, मगर न्हाई म्हनलास न्हवं?" तर निजाम म्हनतो, "ह्ये मला बी ठावं न्हाई रं."

काठापातूर नाव कशी आली, मला इच्यारू नगा. म्हनत्यात, मी मधावरनं हात करून ओरडत हुतो, "तिकडं! तिकडं!" आन पाचही मानसं वल्हं मारत हुती. हात केला आसंल! गलेफ धरून एका कोपरानं! आन मॅडमनी पलीकडनं त्ये बघितलं, लिवून घेतलं, 'इसमास प्राणी पुन्हा दिसला', आन बंदी आनखी म्हैनाभर वाढवली. मॅडमचा तसा फोन आलाय मघाशी. मला निजामला तोंड दावायला जागा न्हाई. त्यो हासतोय, कपाळाला हात लावून हासतोय, पर मला ठावं हाय, घरी जाऊन रशीदावैनीला काय सांगनार त्यो? मी म्हनलो त्याला, आता माझ्या रानात ये, उसाची लागन करू दोघं, घाट खुला हुईपातूर अर्धं तुझं. त्यो म्हनला, बघू, आधी परत तर चल.

परत! त्येच तर सांगतोय तासभर! गलेफ चढला, मान ऱ्हायला, सगळं खरं. पर उतरलेला जुना गलेफ घेऊन परत जायचं असतंय, डोस्क्यावरच, उभ्यानं, अग्रभागी, त्याच पान्यावरनं, जिथं धाड्‌दिशी लागलं! सडकंनं गेलो तर अर्धाच मान झाला, आन तानाजी तिकडं काठावर घड्याळ बघत बसलाय. आता कळलं, च्या का सांगतोय मी? तिसरा कप हाय ह्यो! म्हनून म्हनतो, ह्यातलं आमच्या गावात कुनाला बोलू नगा, पाया पडतो. मला पवता येत न्हाई ह्ये एक निजामला ठावं आन आता तुमाला. परगावचं मानूस म्हंजे कसं, आज हितं, उद्या आपल्या घरी, काळजीच न्हाई.

तुमी मघापासनं लय मन लावून ऐकताय, पावनं. फेटा ब्येस बांधलाय. कुठलं म्हनायचं तुमी? पलूस? वा, वा, लांबनं आलाय उरसाला. आमच्या गावात मुक्काम? कुनाकडं? लेकीकडं... आसं व्हय! कुनाच्या घरात दिलीया लेक?

...तानाजीच्या?

आलो रं निजाम! आलो, आलो! आन ह्या बारीला कमरंला धरू नगंस गड्या, बुडालो तरी चालंल.